एका बाजूचा प्रश्न, दोन बाजूंचे उत्तर : समाश्रयणातील एकपुच्छी कसोटी

आपल्या निवासी शाळांतून शिकून बाहेर पडलेले अनेक विद्यार्थी आज पदव्युत्तर शिक्षण घेत आहेत. कोणी शेतीविषयक, कोणी शिक्षणशास्त्रातील, कोणी आरोग्यविषयक प्रबंध लिहीत आहे. विषय कोणताही असो, प्रबंधाच्या चौथ्या-पाचव्या प्रकरणात संख्याशास्त्राशी गाठ पडतेच. आकडे संगणकात भरले जातात, कळ दाबली जाते आणि पडद्यावर एक तक्ता उमटतो. त्या तक्त्याच्या शेवटच्या स्तंभात ०.०५ पेक्षा लहान आकडा दिसला की निःश्वास सुटतो आणि ०.०८ दिसला की मन खट्टू होते. अशा वेळी कोणीतरी सहज सांगते, ‘अहो, एकपुच्छी कसोटी घ्या, आकडा निम्मा होईल.’ हा सल्ला कधी शास्त्रशुद्ध असतो आणि कधी निव्वळ आत्मवंचना. या दोहोंतील सीमारेषा स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ज्या पालकांचा व वाचकांचा संख्याशास्त्राशी संबंध आलेला नाही, त्यांनाही मुख्य मुद्दा समजावा अशा रीतीने मांडणी केली आहे.

समाश्रयण म्हणजे काय?

एका गोष्टीतील बदलाचा दुसरीतील बदलाशी किती संबंध आहे हे सरळ रेषेच्या साहाय्याने मोजण्याच्या पद्धतीला समाश्रयण म्हणतात. महाविद्यालयांत ‘रिग्रेशन’ हाच शब्द अधिक रूढ आहे. इंग्लंडमधील फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ साली आईवडिलांची उंची आणि अपत्यांची उंची यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हापासून हे नाव रूढ झाले. फार उंच आईवडिलांची मुले सरासरीने उंचच असतात, परंतु आईवडिलांइतकी नव्हे; ती सर्वसाधारण उंचीकडे मागे सरकलेली असतात, हे गाल्टन यांना आढळले होते.

या रेषेचा जो चढ असतो त्याला सहगुणक म्हणतात. एक घटक एका एककाने वाढला असता दुसरा सरासरीने कितीने वाढतो किंवा घटतो, हे सहगुणक सांगतो. मात्र आपल्या हाती असलेली माहिती ही मोठ्या समूहाचा केवळ एक नमुना असते. नमुना बदलला की सहगुणकही थोडा बदलतो. हा चढउतार किती असू शकेल याचा अंदाज म्हणजे प्रमाण त्रुटी. सहगुणकाला प्रमाण त्रुटीने भागले की जो आकडा मिळतो त्याला ‘टी’ म्हणतात. डब्लिन येथील गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात काम करणारे विल्यम गॉसेट यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने १९०८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात या गणिताचा पाया आहे.

आता शून्य परिकल्पना ही संज्ञा लक्षात घेऊ. ‘या दोन गोष्टींचा काहीही संबंध नाही, खरा सहगुणक शून्य आहे’ असे आपण क्षणभर मानून चालतो. असे असते, तर केवळ योगायोगाने आपल्याला मिळाला तितका किंवा त्याहून टोकाचा ‘टी’ मिळण्याची संभाव्यता किती, हे जे सांगते ते पी-मूल्य. ते अगदी लहान असेल तर ‘नुसत्या योगायोगाने असे घडणे कठीण’ असे म्हणून आपण शून्य परिकल्पना नाकारतो.

दोन शेपट्या

‘टोकाचा’ या शब्दातच सारी मेख आहे. ‘टी’ची विभागणी घंटेच्या आकाराची असते. मध्ये उंच आणि दोन्ही बाजूंना निमुळत्या होत गेलेल्या दोन शेपट्या. उजव्या शेपटीत मोठे धन आकडे, डाव्या शेपटीत मोठे ऋण आकडे. ‘संबंध आहे की नाही?’ एवढाच प्रश्न असेल तर दोन्ही शेपट्या मोजाव्या लागतात, कारण संबंध कोणत्याही दिशेचा असू शकतो. ही द्विपुच्छी कसोटी. ‘हा घटक वाढला तर तोही वाढतो का?’ असा दिशा असलेला प्रश्न असेल तर फक्त उजवी शेपटी मोजली जाते. ही एकपुच्छी कसोटी. ‘घटतो का?’ असा प्रश्न असेल तर फक्त डावी.

संगणकीय प्रणाली मात्र समाश्रयणाच्या तक्त्यात नेहमी दोन्ही शेपट्यांची बेरीज छापतात. ‘आर’ या प्रणालीच्या तक्त्यात शेवटच्या स्तंभाच्या शीर्षकात ‘टी’ दोन उभ्या रेषांच्या मध्ये लिहिलेला असतो. त्या रेषांचा अर्थ चिन्ह न पाहता केवळ परिमाण पाहणे. ‘स्टाटा’मध्येही तसेच. ‘एसपीएसएस’मध्ये त्या स्तंभाला ‘सिग.’ एवढेच नाव असते आणि ‘एक्सेल’मध्ये ‘पी-व्हॅल्यू’. तेथे शेपट्यांचा उल्लेखही नसतो, परंतु आकडा दोन्ही शेपट्यांचाच असतो. रोनाल्ड फिशर यांच्या १९२५ सालच्या प्रसिद्ध ग्रंथातील ‘टी’चे कोष्टकही दोन्ही शेपट्या धरूनच केलेले होते, ही जुनी वहिवाट आहे. शिवाय तुमच्या मनात कोणती दिशा आहे हे प्रणालीला ठाऊक नसते. ती दोन्ही बाजूंचे उत्तर देते. एका बाजूचा प्रश्न विचारायचा असेल तर उत्तर आपणच काढावे लागते.

एक प्रत्यक्ष उदाहरण

‘स्टाटा’ या प्रणालीसोबत १९७८ सालच्या ७४ मोटारगाड्यांची माहिती सरावासाठी दिलेली असते. त्यात गाडीची किंमत डॉलरमध्ये, वजन पौंडात आणि एका गॅलन इंधनात गाडी किती मैल धावते ते दिलेले आहे. किंमतीचा मायलेज व वजन या दोहोंशी असलेला संबंध समाश्रयणाने काढला तर वजनाचा सहगुणक १.७४७ येतो आणि त्याची प्रमाण त्रुटी ०.६४१. मायलेजचा सहगुणक उणे ४९.५१ येतो आणि त्याची प्रमाण त्रुटी ८६.१६. गाड्या ७४ आणि काढलेले सहगुणक, स्थिरांक धरून, ३. म्हणून ‘डिग्रीज ऑफ फ्रीडम’ ७१.

वजनाचा ‘टी’ २.७२ आणि छापलेले पी-मूल्य ०.००८. समजा आपला प्रश्न आधीपासूनच असा होता : ‘मायलेज सारखे असताना जड गाडी महाग असते का?’ सहगुणक धन आहे, म्हणजे अपेक्षेच्याच दिशेला आहे. म्हणून छापलेल्या आकड्याचा निम्मा, ०.००४, हे एकपुच्छी पी-मूल्य होय.

आता उलट कल्पना करा. एखाद्याचा प्रश्न होता, ‘जड गाडी स्वस्त असते का?’ त्यानेही छापलेला आकडा निम्मा करून ०.००४ लिहिला, तर ती घोडचूक होईल. सहगुणक त्याच्या अपेक्षेच्या विरुद्ध दिशेला आहे. त्याची शेपटी डावी आहे आणि २.७२ हा आकडा उजवीकडे आहे. त्याचे खरे पी-मूल्य १ वजा ०.००४, म्हणजे ०.९९६. एकाच तक्त्यातून एका प्रश्नाला ठाम पाठिंबा मिळतो आणि दुसऱ्याला मुळीच मिळत नाही.

मायलेजच्या बाबतीत हीच चूक अधिक सहज घडते. चांगले मायलेज देणारी गाडी महाग असावी अशी कोणाचीही अपेक्षा असेल. परंतु येथे सहगुणक ऋण आला आहे. ‘टी’ उणे ०.५७ आणि छापलेले पी-मूल्य ०.५६७. अपेक्षा धन दिशेची असल्यामुळे एकपुच्छी पी-मूल्य ०.२८ नव्हे, तर सुमारे ०.७२ आहे.

यावरून नियम असा निघतो. प्रथम चिन्ह पाहावे. सहगुणकाचे चिन्ह आपल्या अपेक्षेशी जुळत असेल तर छापलेल्या पी-मूल्याचा निम्मा घ्यावा. जुळत नसेल तर तो निम्मा १ मधून वजा करावा. डोळे झाकून निम्मे करणे ही एकपुच्छी कसोटी नव्हे.

प्रणालीकडून उत्तर काढताना

हातानेच निम्मे करणे पुरेसे असले तरी प्रणालीकडून थेट उत्तर काढण्याची सोय सर्वत्र आहे. फक्त कोणते फलन कोणती शेपटी मोजते हे माहीत हवे. ‘आर’मधील ‘पीटी’ हे फलन सांगितल्याशिवाय डावी शेपटी मोजते. उजवी हवी असल्यास ‘लोअर टेल’ हा पर्याय ‘फॉल्स’ करावा लागतो. ‘स्टाटा’तील ‘टीटेल’ उजवी शेपटी मोजते. ‘एक्सेल’मध्ये ‘टी डॉट डिस्ट डॉट आरटी’ उजवी शेपटी देते आणि ऋण ‘टी’ही स्वीकारते, जुने ‘टीडिस्ट’ हे फलन मात्र ऋण आकडा दिल्यास त्रुटी दाखवते. ‘एसपीएसएस’मधील ‘सीडीएफ डॉट टी’ डावी शेपटी देते. प्रत्येक ठिकाणी ‘टी’ आपल्या चिन्हासह द्यावा आणि ‘डिग्रीज ऑफ फ्रीडम’ तक्त्यातूनच घ्यावेत.

काही वेळा प्रणाली ‘टी’ऐवजी ‘एफ’ देते. एकाच सहगुणकाची कसोटी असेल तर ‘एफ’ हा ‘टी’चा वर्ग असतो. वर्गमूळ काढल्यावर चिन्ह हरवते, म्हणून मूळ सहगुणकाचे चिन्ह त्याला पुन्हा लावावे लागते. दोन किंवा अधिक सहगुणकांची एकत्रित ‘एफ’ कसोटी असेल तर तिला एक अशी दिशाच नसते. तिचे पी-मूल्य निम्मे करण्याला काही अर्थ नाही.

प्रश्न शून्याशीच बांधलेला असतो असेही नाही. ‘प्रत्येक पौंडामागे किंमत एका डॉलरपेक्षा अधिक वाढते का?’ असे विचारायचे असेल तर १.७४७ मधून १ वजा करून ०.६४१ ने भागावे. ‘टी’ १.१६ येतो आणि उजव्या शेपटीचे पी-मूल्य सुमारे ०.१२. म्हणजे जड गाडी महाग असते याला या माहितीत भक्कम आधार आहे. ती पौंडामागे डॉलरहून अधिक महाग होते याला तितका नाही. तक्त्यात छापलेले ०.००८ निम्मे करून हे उत्तर कधीच मिळाले नसते.

लाभ आणि त्याची किंमत

एकपुच्छी कसोटीचा लाभ खरा आहे. ५ टक्के पातळीवर, ७१ ‘डिग्रीज ऑफ फ्रीडम’ असताना, द्विपुच्छी कसोटीला ‘टी’ १.९९ च्या पलीकडे जावा लागतो, एकपुच्छीला १.६७ पुरतो. खरा परिणाम असल्यास तो ८० टक्के वेळा पकडला जावा अशी अपेक्षा ठेवली, तर एकपुच्छी कसोटीला सुमारे एक-पंचमांश कमी नमुना लागतो. मर्यादित खर्चात संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याला ही बचत मोलाची वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु या लाभाची किंमत आधीच मोजावी लागते. दिशा माहिती पाहण्यापूर्वी ठरली पाहिजे आणि लिहून ठेवली पाहिजे. माहिती पाहिली, चिन्ह धन दिसले, मग ‘माझी अपेक्षा धनच होती’ असे म्हणून आकडा निम्मा केला, तर काय होते? चिन्ह ऋण आले असते तर त्याच माणसाने ऋण अपेक्षा सांगितली असती. म्हणजे प्रत्यक्षात त्याने दोन्ही शेपट्यांना प्रत्येकी ५ टक्के जागा दिली. परिणाम मुळीच नसतानाही ‘परिणाम आहे’ असे चुकून म्हणण्याची शक्यता २० मध्ये १ राहत नाही, १० मध्ये १ होते. कागदावर ५ टक्के आणि व्यवहारात १० टक्के; वाचकाला मात्र पहिलाच आकडा सांगितला जातो.

दुसरी किंमत याहून मोठी आहे. एकपुच्छी कसोटी निवडणे म्हणजे ‘विरुद्ध दिशेला कितीही मोठा परिणाम आढळला तरी मी त्याला परिणाम नाही असेच म्हणेन’ असे वचन देणे. हे वचन पाळता येईल का, हा खरा प्रश्न आहे.

विरुद्ध दिशेला काय दडले होते?

१९८० च्या दशकात हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांना, हृदयाचे अनियमित ठोके दाबणारी औषधे मोठ्या प्रमाणावर दिली जात होती. अनियमित ठोके असलेल्या रुग्णांत अकस्मात मृत्यू अधिक आढळतात. तेव्हा ठोके दाबले की मृत्यू टळतील, असा तर्क होता. तो इतका पटण्याजोगा होता की ही औषधे मृत्यू वाढवतील असे फार थोड्यांना वाटत होते. या तर्काची परीक्षा घेण्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय, फुप्फुस व रक्त संस्थेच्या पुढाकाराने ‘कास्ट’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी चाचणी १९८७ साली सुरू झाली. तिच्या मूळ आराखड्यात एकपुच्छी कसोटी योजलेली होती. औषध उपकारक आहे का, एवढाच प्रश्न होता. मात्र माहितीवर देखरेख ठेवणाऱ्या स्वतंत्र मंडळाने कसोटीची पातळी अधिक कडक केली आणि हानीच्या दिशेलाही तशीच एक सीमा आखून ठेवली.

एप्रिल १९८९ मध्ये एनकेनाइड व फ्लेकेनाइड ही दोन औषधे या चाचणीतून थांबवावी लागली. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार सरासरी १० महिन्यांच्या काळात औषध घेणाऱ्या ७५५ रुग्णांपैकी ६३ जण दगावले, तर औषधविरहित गोळी घेणाऱ्या ७४३ रुग्णांपैकी २६. ठोके दबले होते, पण माणसे अधिक दगावली होती.

हीच गोष्ट समाश्रयणाच्या भाषेत अशी मांडता येईल : औषध घेणाऱ्यासाठी १, न घेणाऱ्यासाठी ० असा घटक धरला, तर मृत्यूशी असलेल्या त्याच्या संबंधाचा सहगुणक ऋण येईल अशी अपेक्षा होती. तो धन आला. केवळ डावी शेपटी पाहणाऱ्या कसोटीने ‘औषध उपकारक असल्याचे सिद्ध होत नाही’ एवढेच सांगितले असते. ते विधान खोटे ठरले नसते; पण रुग्णाला जे कळणे आवश्यक होते, ते त्या विधानात नव्हते. पुढे १९९८ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत, औषधांच्या मान्यतेसाठी एकपुच्छी कसोटी घ्यायचीच असेल तर तिची पातळी द्विपुच्छीच्या निम्मी ठेवणे श्रेयस्कर, असे नमूद झाले. म्हणजे ५ टक्क्यांऐवजी अडीच टक्के. अशा व्यवस्थेत आकडा निम्मा करून मिळणारा आयता लाभ उरतच नाही.

आपल्या अंगणातील प्रश्न

समजा, एखाद्या वसतिगृहात रात्रीच्या अभ्यासिकेचा वेळ वाढवायचा आहे. अभ्यासिकेचे तास आणि वार्षिक परीक्षेतील गुण यांचा संबंध समाश्रयणाने तपासायचा आहे. अधिक अभ्यास म्हणजे अधिक गुण, अशी अपेक्षा कोणीही धरील आणि एकपुच्छी कसोटी सुचवील. परंतु तास वाढल्याने झोप कमी झाली, मुले वर्गात पेंगू लागली आणि गुण घटले, तर ते आपल्याला कळायला हवे की नको? शिक्षक, पालक आणि खुद्द विद्यार्थी या सर्वांचे उत्तर ‘हवे’ असेच असेल. मग येथे द्विपुच्छी कसोटीच योग्य. अपेक्षा कितीही दृढ असो, जेथे विरुद्ध परिणामाची झळ माणसांना लागू शकते, तेथे दुसरी शेपटी झाकण्याचा अधिकार संशोधकाला नाही.

याउलट, एखादे लोखंडी गज बनवणारे कारखानदार गजांची ताकद ठरलेल्या किमान मर्यादेहून अधिक आहे का एवढेच पाहत असतील, तर ती अधिक असल्याने काही बिघडत नाही आणि ती पुरेशी नसल्यास, किंचित कमी असो वा फार कमी, माल नाकारायचा हाच निर्णय असतो. जेथे ‘परिणाम नाही’ आणि ‘उलटा परिणाम’ या दोहोंवर आपली कृती एकच राहते, तेथे एकपुच्छी कसोटी निःशंकपणे घ्यावी. निवडीची ही सर्वांत सोपी पारख आहे.

विद्यार्थ्यांसाठी सारांश

प्रबंधाचा आराखडा सादर करतानाच प्रत्येक परिकल्पनेची दिशा आणि तिचे कारण लिहावे. मार्गदर्शकांची त्यावर तारखेसह सही घ्यावी. दिशा आधी लिहिलेली नसेल तर द्विपुच्छी कसोटीच घ्यावी. निकाल लिहिताना सहगुणक, प्रमाण त्रुटी, ‘टी’ आणि ‘डिग्रीज ऑफ फ्रीडम’ द्यावेत आणि कसोटी एकपुच्छी की द्विपुच्छी ते स्पष्ट शब्दांत नोंदवावे. म्हणजे वाचणाऱ्याला दुसरे पी-मूल्य स्वतः काढता येईल. सोबत विश्वासांतर द्यावे. वरील उदाहरणात वजनाच्या सहगुणकाचे ९५ टक्के विश्वासांतर ०.४७ ते ३.०३ आहे, एकट्या पी-मूल्यापेक्षा ते कितीतरी अधिक सांगून जाते. आणि पी-मूल्य ०.०८ आले, तर ते ०.०८ असेच लिहावे. ‘पुरावा पुरेसा नाही’ हाही संशोधनाचा निष्कर्षच आहे आणि तो लिहिल्याने कोणाचा प्रबंध कमी प्रतीचा ठरत नाही.

पालकांनी व इतर वाचकांनी एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले : ‘संख्याशास्त्रीयदृष्ट्या सिद्ध’ असा दावा कोठेही वाचला, तर दोन प्रश्न अवश्य विचारावेत. तुम्ही कोणत्या बाजूला पाहिले? आणि ती बाजू आकडे पाहण्याआधी ठरवली होती की नंतर?